निजामाचा जोडा, राजाबाईचा टॉवर आणि आपलं गेट: विद्यापीठ नेमकं कुणाच्या पैशानं?

(पॉडकास्टच्या ताज्या भागाचं लिखित रूप. बोलताना आलेले काही ‘म्हणजे’ आणि ‘तर’ कापलेत, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)



व्हॉट्सॲपवर ही गोष्ट तुम्हाला एकदा तरी आली असणार. पंडित मदनमोहन मालवीय बनारस हिंदू विद्यापीठासाठी पैसे मागत हैदराबादला निजामाकडे जातात. निजाम वैतागतो आणि पायातला जोडा काढून देतो. काही फॉरवर्डमध्ये तो फेकून मारतो, आपापल्या आवडीनुसार घ्या. मालवीयजी शांतपणे जोडा उचलतात, थेट बाजारात नेतात आणि लिलाव पुकारतात. अब्रू जायची वेळ येते, आणि निजाम स्वतःचाच जोडा भली मोठी रक्कम मोजून परत घेतो.

ही लोककथा म्हणून ऐका आणि सोडून द्या. इतिहासातली नोंद फारच साधी आहे. बनारस हिंदू विद्यापीठाची पायाभरणी ४ फेब्रुवारी १९१६ ला झाली, आणि सातवा निजाम मीर उस्मान अली खान यानं १९३९ मध्ये त्या विद्यापीठाला १ लाख रुपये दिले. लिलाव नाही, जोडा नाही. मालवीय एकटेही नव्हते. दरभंग्याचे महाराजा रामेश्वर सिंह, ॲनी बेझंट अशी मोठी मंडळी त्यांच्याबरोबर होती, आणि हे लोक वर्षानुवर्षं रेल्वेनं गावोगाव फिरून, सभा घेऊन पैसे जमवत होते. पण रेल्वेचा प्रवास आणि सभा कोण फॉरवर्ड करणार? जोडा फॉरवर्ड होतो.

मी ही गोष्ट काढली ती दुसऱ्याच कारणानं. तो जोडेवाला निजाम आपलाही राजा होता. आज आपण छत्रपती संभाजीनगर म्हणतो ते तेव्हाचं औरंगाबाद, आणि सगळा मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. बनारसच्या विद्यापीठाला हातभार लावणाऱ्या या राजाच्या मुलखात विद्यापीठ कसं उभं राहिलं आणि त्यासाठी कुणी कुणाकडे पैसे मागितले, हा आजचा विषय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: पॉडकास्ट हा माझा रविवारचा उद्योग. एरवी मी एका सार्वजनिक विद्यापीठासाठी निधी जमवणाऱ्या छोट्या टीमचं काम बघते. कोणतं विद्यापीठ ते सांगत नाही, कारण इथे मी त्यांच्या वतीनं बोलत नाहीये. पाच जण आहोत. माजी विद्यार्थ्यांचे नंबर शोधायचे, फोन लावायचे, कंपन्यांच्या सीएसआरवाल्यांच्या मागे लागायचं, पावत्या फाडायच्या. दिवसाला तीस-चाळीस फोन होतात, आणि त्यातल्या निम्म्या फोनवर एकच वाक्य ऐकू येतं: “अहो, पण विद्यापीठ सरकारी आहे ना? मग पैसे सरकारनं द्यायचे.”

आमच्या टीममधली नवी पोरं या वाक्यावर चिडतात. मी चिडत नाही. हे वाक्य कंजूषपणातून येत नाही, त्याच्यामागे शंभर वर्षं आहेत.

१९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं. निजामाचं फर्मान निघालं आणि विद्यापीठ झालं. पैसा खजिन्यातला, जागा सरकारी, शिक्षणाची भाषा उर्दू. एका भारतीय भाषेतून विज्ञान, कायदा, वैद्यक असं सगळं शिकवायचं हा प्रयोग त्या काळात फार मोठा होता, आणि त्याचं श्रेय कुणी नाकारू नये. त्या प्रयोगाचा एक धागा आपल्या शहरातही आहे. ‘बाबा-ए-उर्दू’ म्हणून ओळखले जाणारे मौलवी अब्दुल हक बरीच वर्षं इथेच होते, इथल्या कॉलेजचे प्राचार्य होते, आणि अंजुमन तरक्की-ए-उर्दूचा कारभार याच गावातून चालायचा.

पण पैशाच्या अंगानं बघा. राजानं विद्यापीठ दिलं, म्हणजे प्रजेला कुणी काही मागितलंच नाही. मागितलं नाही म्हणून विचारलंही नाही. मराठवाड्यातल्या बहुतेक मुलांची घरची भाषा मराठी, आणि त्यांच्या विद्यापीठात ती शिक्षणाची भाषा नव्हती.

ते विद्यापीठ कुणाचं होतं, हे १९३८ मध्ये अगदी उघड झालं. वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावर बंदी आली, आणि हैदराबादला उस्मानियात आणि इथे औरंगाबादच्या कॉलेजातही विद्यार्थी संपावर गेले. विद्यापीठानं शेकडो मुलांना काढून टाकलं. त्यांना दार उघडलं ते नागपूर विद्यापीठानं. पी. व्ही. नरसिंह राव त्याच मुलांपैकी एक. विचार करा, अठरा-वीस वर्षांचा पोरगा, बॅग उचलून दुसऱ्या प्रांतात निघालाय, कारण त्याच्या राज्यातलं एकमेव विद्यापीठ त्याला म्हणतंय की तू आमचा नाहीस.

“मग लोकांनी स्वतःच वर्गणी काढून का नाही केलं काही?” असं तुम्ही विचाराल. केलं, शाळांच्या पातळीवर केलं. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१ मधली, स्वामी रामानंद तीर्थ तिथे मुख्याध्यापक होते. अंबाजोगाईत योगेश्वरी होती. पण संस्थानात ‘गश्ती निशान ५३’ नावाचं एक परिपत्रक होतं. सभा घ्यायची तर आधी परवानगी. माझ्या धंद्यातला माणूस हे ऐकतो तेव्हा त्याला पहिली गोष्ट हीच सुचते: सभा नाही तर वर्गणी नाही. पाच माणसं एकत्र बसवता येत नसतील, तर पाच रुपये मागणार कसे? पुण्या-मुंबईत लोकांना देणगी द्यायची सवय लागली आणि आपल्याकडे कमी लागली, त्याचं एक कारण या एका कागदात आहे असं मला वाटतं. आपल्याकडे माणसं कमी उदार होती म्हणणाऱ्यांनी एकदा हे परिपत्रक आठवावं.

आता ब्रिटिशांच्या मुंबईत काय चाललं होतं ते बघू. तिथेही भानगडी आहेतच.

मुंबई विद्यापीठ १८५७ चं. सुरुवातीला त्याला स्वतःची इमारतसुद्धा नव्हती. मग अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडला जायचा थांबला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. गावात पैसा नुसता वाहत होता. त्या लाटेत सर कावसजी जहांगीर यांनी पदवीदान सभागृहासाठी १ लाख रुपये दिले. प्रेमचंद रायचंद या शेअर बाजारातल्या बड्या असामीनं १८६४ मध्ये ग्रंथालयासाठी २ लाख आणि त्याच वर्षी घड्याळाच्या मनोऱ्यासाठी आणखी २ लाख दिले. मनोऱ्याला त्याच्या आईचं नाव द्यायचं होतं, म्हणून तो राजाबाई टॉवर. चर्चगेटला उतरून ओव्हलच्या कडेनं चालत गेलात तर समोर दिसतो तोच, २८० फुटांचा.

पुढच्याच वर्षी, १८६५ मध्ये, अमेरिकेतलं युद्ध संपलं, कापसाचा भाव कोसळला आणि मुंबईतल्या कंपन्या पत्त्यांसारख्या पडल्या. प्रेमचंद रायचंदही बुडाले. पण विद्यापीठाला दिलेले पैसे विद्यापीठाकडे होते, ते राहिले. मनोऱ्याचं काम १८६९ मध्ये सुरू झालं आणि १८७८ मध्ये पुरं झालं.

आमच्या टीममध्ये कुणी नवीन आलं की मी ही गोष्ट सांगते. आश्वासन म्हणजे पैसा नव्हे. खात्यात जमा झाला तो पैसा. १८६४ मध्ये कुणी म्हणालं असतं, “शेठ, सावकाश द्या, पुढच्या वर्षी बघू,” तर ओव्हलच्या कडेला आज नुसतं झाड असतं.

राजाबाई टॉवरची गोष्ट सोपी आहे, एक शेठ आणि एक चेक. मला जास्त आवडते ती दुसरी, धोंडो केशव कर्वे यांची. यांना आपण महर्षी म्हणून हार घालतो, भिंतीवर लावतो आणि विसरतो. मी त्यांच्याकडे निधी जमवणारा माणूस म्हणून बघते, आणि त्या कामात महाराष्ट्रात त्यांच्या तोडीचं माणूस शोधून सापडत नाही.

त्यांना विधवांसाठी आश्रम काढायचा होता, १८९६ मध्ये. तेव्हा आधी त्यांनी स्वतःचा ५,००० रुपयांचा विमा आश्रमाच्या नावानं केला आणि मगच दुसऱ्यांच्या दारात उभे राहिले. सुट्टी लागली की गावोगाव. रुपया, दोन रुपये, कुठे आठ आणे, आणि प्रत्येकाचा हिशेब. त्यांच्या पत्नी बाया कर्वे यासुद्धा वर्गणी मागत फिरायच्या. त्यांचं ‘माझे पुराण’ हे आत्मचरित्र मिळालं तर जरूर वाचा.

मग १९१५ मध्ये जपानच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका त्यांच्या हाती आली, आणि १९१६ मध्ये त्यांनी महिला विद्यापीठ सुरू केलं. हिंगण्याला, कॉलेजात ५ विद्यार्थिनी घेऊन. पाच! आजच्या भाषेत याला कुणी ‘स्केल’ नाही म्हणणार. सरकारची मान्यता नाही, अनुदान नाही. पैसा आणायचा कुठून?

त्यांनी एक अफलातून गोष्ट केली. जे पदवीधर दरवर्षी ठरावीक वर्गणी देतील, त्यांना विद्यापीठाच्या सिनेटवर प्रतिनिधी निवडायचा हक्क. म्हणजे तुम्ही नुसते दाते नाही, मतदार. पैसे दिले की कारभारात आवाज मिळतो. आज ‘डोनर एंगेजमेंट’ नावाखाली जे महागडे कोर्स चालतात, त्यांत मला याच्यापेक्षा वेगळं काही शिकायला मिळालेलं नाही.

मोठी रक्कम आली १९२० मध्ये. सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपये दिले, आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं नाव लागलं: श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी. एसएनडीटी, एसएनडीटी म्हणतो आपण, त्यातली प्रत्येक अक्षरं या देणगीतून आली आहेत. १५ लाख मिळाल्यावर दुसरा कुणी थांबला असता. कर्वे मार्च १९२९ मध्ये, सत्तरी उलटून गेल्यावर, परदेशी निघाले. इंग्लंड, युरोप, अमेरिका, जपान करून एप्रिल १९३० ला परत. आठ महिने झाले नाहीत तोवर डिसेंबरमध्ये आफ्रिकेला: मोम्बासा, युगांडा, टांगानिका, झांझिबार, दक्षिण आफ्रिका. पंधरा महिने. तिकडे स्थायिक झालेल्या भारतीयांना सांगायचं की पुण्यात बायकांचं विद्यापीठ आहे, आणि ते तुमचंही आहे. त्या विद्यापीठाला कायद्यानं मान्यता मिळाली १९५१ मध्ये. म्हणजे आज ‘सरकारी आहे ना?’ म्हणून विचारलं जाणारं हे विद्यापीठ पहिली पस्तीस वर्षं लोकांच्या पैशावर चाललं.

बरं. दोन्ही गोष्टींत एक साम्य तुम्हाला दिसलं असेल. पैसा येतो, आणि पैशाबरोबर नाव येतं. राजाबाई, नाथीबाई. (दोन्हीकडे आई. देणाऱ्या मुलग्यांची नावं मात्र क्विझमध्येच विचारली जातात.) नाव देणं हा आमच्या कामातला रोजचा सौदा आहे. वर्गाला नाव, बाकाला नाव, पाण्याच्या टाकीला नाव. त्यात वावगं काही नाही.

संभाजीनगरची गोष्ट याच्या अगदी उलटी आहे.

१९४८ नंतर मराठवाडा मोकळा झाला तरी विद्यापीठ नव्हतंच. इथली कॉलेजं हैदराबादच्या उस्मानियालाच जोडलेली. अशा वेळी, जून १९५० मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं कॉलेज इथे सुरू केलं. सोसायटी १९४५ ची, मुंबईत सिद्धार्थ कॉलेज १९४६ मध्ये उघडलेलं. तेव्हा ते देशाचे कायदामंत्री होते, आणि मराठवाड्यासारख्या मागे ठेवलेल्या भागात कॉलेज काढायचं त्यांनी ठरवलं. १ सप्टेंबर १९५१ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते कोनशिला बसली. प्राचार्य म. भि. चिटणीस. पुढे कॉलेजला ‘मिलिंद’ नाव मिळालं, आणि परिसराला नागसेनवन. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर, ज्यानं भिक्खू नागसेनाला प्रश्नावर प्रश्न विचारले तो. कॉलेजला नाव द्यायचं तर दात्याचं नाही, राजाचा पराक्रम म्हणून नाही, तर प्रश्न विचारणाऱ्याचं! मला हे फार भारी वाटतं.

पैशाचं काय? ज्या समाजासाठी बाबासाहेब हे करत होते त्याच्याकडे प्रेमचंद रायचंद नव्हता. त्यांनी हैदराबाद सरकारकडून कर्ज घेतलं. कर्ज, देणगी नव्हे. हा फरक महत्त्वाचा आहे. देणगीचा उपकार राहतो, कर्जाचा फक्त हप्ता.

१ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा तेव्हाच्या मुंबई राज्यात आला. न्यायमूर्ती पळणीटकर समितीनं विचार केला, १९५८ मध्ये कायदा झाला आणि २३ ऑगस्ट १९५८ ला पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचं उद्घाटन झालं. पहिले कुलगुरू एस. आर. डोंगरकेरी. हे गृहस्थ आधी मुंबई विद्यापीठात रजिस्ट्रार होते, आणि त्या विद्यापीठाचा १८५७ ते १९५७ असा शंभर वर्षांचा इतिहास त्यांनीच लिहिलाय. मला नेहमी वाटतं, राजाबाई टॉवरची सगळी कुंडली माहीत असलेला हा माणूस लेण्यांच्या डोंगराखालच्या त्या मोकळ्या माळावर पहिल्यांदा उभा राहिला असेल, तेव्हा त्याच्या मनात काय आलं असेल?

विद्यापीठ आलं, पण कायद्यानं आलं. फर्मानाच्या जागी कायदा आला, खजिन्याच्या जागी अनुदान. लोकशाहीत तसंच यायला हवं, मला त्यात तक्रार नाही. पण ‘सरकारनं दिलं’ ही जुनी भावना मात्र तशीच राहिली. ती मोडली नावाच्या प्रश्नानं.

२७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला, आणि मराठवाडा पेटला. गावोगाव दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जाळली, माणसं मेली. ठराव थांबला. १९७९ मध्ये जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरहून लाँग मार्च निघाला. मोर्चे, तुरुंग, आत्मदहनं. सोळा वर्षं. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला: डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ.

मुंबईत २ लाखांना मनोऱ्याचं नाव मिळालं, पुण्यात १५ लाखांना विद्यापीठाचं. इथल्या नावाची किंमत पावतीवर लिहिता येत नाही.

दरवर्षी १४ जानेवारीला विद्यापीठाच्या गेटवर जा. संक्रांतीच्या दिवशी शहर पतंगात असतं, आणि इथे माणसांचा समुद्र. विदर्भातून, नांदेडहून, परभणीहून आलेली, पांढऱ्या साड्या नेसलेल्या आज्या, कडेवर नातवंडं. कितीतरी जण गेटला हात लावून नमस्कार करतात, फोटो काढतात, पुस्तकांच्या स्टॉलवर थांबतात आणि परत जातात. त्यातल्या बहुतेकांनी आतल्या एकाही वर्गात पाऊल टाकलेलं नाही. माझ्या कामाच्या भाषेत ते ‘माजी विद्यार्थी’ नाहीत, आमच्यासारख्यांच्या कुठल्याच डेटाबेसमध्ये ते बसत नाहीत. आणि हे विद्यापीठ कुणाचं, हा प्रश्न त्यांना कधी पडतच नाही.

आमच्या टीममधली एक मुलगी याच शहरातली. दोन वर्षांपूर्वी गेटवरून आली आणि म्हणाली, “मॅडम, तिथे विद्यापीठानं एक क्यूआर कोड लावला तर? प्रत्येकानं दहा-दहा रुपये टाकले तरी मुलींच्या हॉस्टेलचं केवढं काम होईल.”

मी म्हटलं, नको. एक तर ज्यांनी सोळा वर्षं मोजलीत त्यांच्यापुढे झोळी धरायची कुणी? दुसरं, वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथे एवढ्या कंपन्या आहेत. २०१३ च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्यातले २ टक्के समाजकार्यावर खर्च करावेच लागतात. आधी त्यांचं दार वाजवायचं.

ती गप्प बसणारी नाही. म्हणाली, “मॅडम, कर्मवीर भाऊराव पाटलांनी काय केलं? बायाबापड्यांकडून मूठ-मूठ धान्य घेतलंच ना? गरिबाकडे मागायचंच नाही, म्हणजे तो मालक नाही, असं आपणच ठरवतोय.”

बोला आता. रयतच्या वसतिगृहातली मुलं जेवली ती त्या मुठीवर, आणि मूठ पुरली नाही तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. ज्या घरातून मूठ गेली, ते घर त्या शाळेला आपली शाळा म्हणतं. मुलीचं म्हणणं खोडता येत नाही.

पण मी एक अट घातली, आणि आमच्या टीममध्ये ती अजून चालते. मुठीचा हिशेब मुठीच्या मालकाला कळला पाहिजे. कर्व्यांच्या यादीत आठ आणेवाल्याचंही नाव असायचं. क्यूआरवर दहा रुपये टाकणाऱ्या आजीला त्या दहा रुपयांचं पुढे काय झालं, हे तिला वाचता येईल अशा मराठीत, तिच्या फोनवर, वर्षाच्या आत कळवता येणार असेल, तरच मागायचं. नाहीतर नाही. सध्या आम्ही आमच्या विद्यापीठात हेच करून बघतोय: ५० रुपयांपासूनच्या प्रत्येक देणगीला मेसेज, पैसे कशावर गेले त्याच्या फोटोसकट. डोकेदुखी आहे, खोटं बोलत नाही. एका मेसेजवर एका आजोबांचा उलटा फोन आला होता, “पंखा बसवला ते बरं केलं, पण तो फिरतो का?” आम्ही जाऊन बघितलं. फिरत होता.

तर आता तुमच्याकडे मागणं. पैसे नाही, घाबरू नका. घरी आजी-आजोबांची जुनी ट्रंक असेल, तिच्यात बघा. कॉलेजसाठी, वसतिगृहासाठी, शाळेच्या खोलीसाठी दिलेल्या वर्गणीची पावती असेल, मोर्चासाठी दिलेल्या चार आण्यांची असेल, तर फोटो काढून आमच्या नंबरवर पाठवा. नाव-पत्ता झाकलात तरी चालेल. रक्कम आणि साल मात्र दिसू द्या. पुढचा भाग त्या पावत्यांवरच करायचा विचार आहे.